होतकरू नसलेल्या मुलाचं काय?

यंदा आमच्या कोर्सला खडकवासल्यातून बाहेर पडून २५ वर्षं झाली. अशा वेळी जे होतं ते सगळं झालं. जुने फोटो निघाले, कोणाची स्क्वाड्रन भारी यावरून पुन्हा भांडणं झाली, टी-शर्टच्या रंगावर मतदान झालं. मग कोणीतरी म्हणालं की नुसती पार्टी नको, काहीतरी चांगलं काम करू. पैसे जमले. फौज सोडून कॉर्पोरेटमध्ये गेलेल्यांनी जरा जास्त टाकले, आम्ही वर्दीत उरलेल्यांनी ऐपतीप्रमाणे टाकले. ठरलं असं की विधवा मातांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलायचा. माझं सध्याचं पोस्टिंग जोधपूरला, म्हणून काम माझ्या गळ्यात आलं : "तुझ्या भागातली दहा मुलं निवडून दे."

सोबत एक फॉर्म आला. वर ठळक अक्षरांत ‘गरीब, हुशार व होतकरू’. खाली रकाने. मागच्या दोन वर्षांचे गुण, ८० टक्क्यांच्या वर असल्यास प्राधान्य. आईसोबतचा फोटो. मुलाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात ‘माझं स्वप्न’ या विषयावर दहा ओळी. निवड झालेल्या मुलाला शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत घालायचं, त्यासाठी दर मुलामागे वर्षाला एक लाख रुपये धरलेले.

मी तो फॉर्म भरायला नकार दिला. ग्रुपवर दोन दिवस धुरळा उडाला. "तुला काय, प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे" इथपासून "निदान काहीतरी तर करतोय आपण" इथपर्यंत सगळं ऐकून घेतलं. तिथे तुकड्यातुकड्याने जे लिहिलं ते इथे सलग लिहितोय, कारण हा फॉर्म फक्त आमच्या कोर्सचा नाही. देशभर फिरताना मी तो अनेक छावण्यांत, महाराष्ट्र मंडळांत आणि माजी विद्यार्थ्यांच्या संघांत पाहिला आहे. भाषा बदलते, रकाने तेच राहतात.

आधी जागा समजून घ्या. जोधपूरला आलेला प्रत्येक मराठी पर्यटक उमेद भवन बघतो. १९२९ ते १९४३ एवढी वर्षं त्याचं बांधकाम चाललं होतं आणि दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं हा त्यामागचा एक हेतू होता. वाळूच्या रंगाचा तो दगड बघून आपण वा वा म्हणतो. तसलाच वालुकाश्म आजही शहराभोवती आणि पुढे बालेसरच्या पट्ट्यात निघतो. त्याच्या फरश्या तुमच्या-आमच्या सोसायटीच्या अंगणात बसतात. दगडाला भोक पाडताना पाणी मारून धूळ बसवावी असा नियम आहे. पण जिथे पिण्याचं पाणी टँकरने येतं तिथे दगडावर कोण ओतणार? काम कोरडं चालतं. ती बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि तिथून निघत नाही. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारं औषध नाही. लक्षणं क्षयासारखी असतात, त्यामुळे कितीतरी माणसं टीबीच्या गोळ्या खात खातच जातात. तिशी-चाळिशीतली माणसं. खाणपट्ट्यातल्या ढाणीत, म्हणजे आपल्याकडच्या वाडीत, शिरलात की दर दोन-चार घरांआड एक विधवा भेटते, आणि तिच्या पदराला दोन-तीन मुलं असतात.

राजस्थान सरकारने काही केलं नाही असं नाही. २०१९ मध्ये या आजारासाठी वेगळं धोरण आलं. निदान झालं की ३ लाख रुपये, आणि मृत्यू झाला की कुटुंबाला २ लाख. मी पाहिलेल्या घरांत यातले बरेचसे पैसे आजारपणात काढलेल्या कर्जात गेले. आणि ज्याचं निदान शेवटपर्यंत ‘टीबी’ राहिलं, त्याच्या घरी तेही आले नाहीत.

या बालेसरला लागूनच शेरगड आहे. तिथल्या गावांतून फौजेत जाण्याची जुनी परंपरा आहे. त्यामुळे इथे एक गोष्ट डोळ्यांनी दिसते, जी पुण्या-मुंबईत बसून दिसणार नाही. एकाच ढाणीत, खेजडीच्या एका झाडाच्या दोन बाजूंना, दोन विधवांची घरं. एकीचा नवरा नाईक होता, नोकरीत असताना आजाराने गेला. दुसरीचा खाणीत होता, तोही आजारानेच गेला. दोघींचं वय सारखं, शिक्षण सारखंच नसल्यासारखं, दोघींना तीन-तीन मुलं.

नाईकाच्या घरी त्याच्यासोबत युनिटचा एक जेसीओ आला. अंत्यसंस्कार होईपर्यंत थांबला, आणि जाण्याआधी सरपंचाकडे बसून मृत्यूचा दाखला, बँकेचं खातं, मुलांच्या जन्मतारखा असं सगळं मार्गी लावून गेला. पुढे रेकॉर्ड ऑफिसातून फॅमिली पेन्शनचे कागद आले. कुठे सही करायची, कुठे अंगठा द्यायचा, तिथे पेन्सिलने फुल्या मारलेल्या होत्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातला कारकून तिला नावाने ओळखतो. हवालदार आणि त्याखालच्या माजी सैनिकांच्या आणि विधवांच्या दोन मुलांपर्यंत केंद्रीय सैनिक बोर्डाचं शिक्षण अनुदान मिळतं. ते दरमहा १,००० रुपये होतं, नोव्हेंबर २०२५ पासून २,००० झालं. बारावीला ६० टक्के मिळवून मूल व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलं तर पंतप्रधान शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो, मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये. यात डोळे दिपतील अशी रक्कम एकही नाही. पण प्रत्येक रकमेपर्यंत पोचायचा रस्ता कोणीतरी तिला हाताला धरून दाखवलेला आहे.

आणि रस्ता अडला तर ओरडायला माणसं आहेत. लढाईत गेलेल्यांच्या मुलांची फी सरकार भरतं, १९७१ च्या युद्धापासूनची ती सवलत. २०१७ मध्ये तिच्यावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा आली. खुद्द नौदलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं, वर्तमानपत्रांतून आवाज उठला आणि मार्च २०१८ मध्ये मर्यादा मागे घेतली गेली. ठीकच झालं. मला त्या दिवशी माझ्या वर्दीचा अभिमान वाटला होता.

आता खेजडीच्या पलीकडच्या घरी या. इथे जेसीओ आला नाही, रेकॉर्ड ऑफिस नाही, पेन्सिलची फुली नाही. मात्र हक्क आहेत, आणि कागदावर ते कमी नाहीत. राजस्थानात ‘पालनहार’ नावाची योजना आहे. विधवा पेन्शनला पात्र असलेल्या आईच्या तीन मुलांपर्यंत पैसे मिळतात. सहा वर्षांखालच्या मुलाला महिना ७५०, सहा ते अठरा वयाच्या मुलाला १,५००. अट एवढीच की लहान मूल अंगणवाडीत आणि मोठं शाळेत जायला हवं. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये प्रायोजकत्वाचे दरमहा ४,००० रुपये आहेत, खेड्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत असेल तर, आणि जिल्ह्याला मिळालेल्या निधीत बसलं तर. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ४५ मध्ये प्रायोजकत्व कोणाला द्यावं याची यादी आहे. तिच्यातलं पहिलंच नाव विधवा, घटस्फोटित किंवा कुटुंबाने टाकलेल्या आईच्या मुलाचं आहे.

मग अडतं कुठे? पहिल्या पायरीवर. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यानंतर विलंब शुल्क, महिना उलटला की वरिष्ठांची परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. आणि इथल्या काही समाजांत नवरा गेल्यावर बाईने महिनोन्‌महिने उंबरा ओलांडायचा नाही असा दंडक. ती बाहेर पडते तेव्हा २१ दिवस कधीच मागे पडलेले असतात. दाखला नाही म्हणून जनआधारमध्ये बदल नाही, बदल नाही म्हणून विधवा पेन्शन नाही, पेन्शन नाही म्हणून पालनहार नाही. प्रत्येक फेरीला ई-मित्र केंद्रावर जायचं, म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि जीपचं भाडं. एवढं करून पैसे सुरू झाले तरी दरवर्षी शाळेचा दाखला लावून सत्यापन करावं लागतं. ते राहिलं की पैसे बंद, आणि का बंद झाले हे सांगायला कोणी येत नाही.

एक बारीक गोष्ट सांगतो. पालनहारमध्ये बाकीच्या मुलांना कपडे, बूट, स्वेटर यासाठी वर्षाला २,००० रुपये वेगळे मिळतात. यातून दोन गट वगळले आहेत : विधवा आईची मुलं, आणि आई ‘नाता’ करून दुसऱ्या घरी गेली त्या घरची मुलं. कोणत्या टेबलावर कोणाला असं सुचलं असेल की आई जिवंत असली की मुलाला थंडी कमी वाजते? जानेवारीत इथे पहाटे काय गारठा असतो ते माझ्या जवानांना विचारा.

आता कोर्सचा फॉर्म या घरात ठेवून बघू. या बाईची तीन मुलं. मोठा पंधरा वर्षांचा, नववीत, मागच्या वर्षी ४१ टक्के. मधली मुलगी सातवीत, ८५ टक्के. धाकटा चार वर्षांचा. बाई स्वतः खाणीवर खड्ड्यातला मलबा उचलायला जाते.

फॉर्म मुलीला उचलेल. तिच्यासाठीच तो बनवल्यासारखा आहे. तिचं ‘माझं स्वप्न’ छान येईल, फोटो छान येईल, आणि जुलैत ती जोधपूरच्या वसतिगृहात जाईल. धाकट्याला आज तीच सांभाळते. ती गेली की आईला खाणीवर जाता येणार नाही, किंवा मोठ्याला शाळा सोडावी लागेल. मोठ्याने शाळा सोडायला तसंही एक कारण दबा धरून बसलेलं आहे. त्याचा बाप मरताना ठेकेदाराची ६०,००० रुपयांची पेशगी ठेवून गेला. आपल्याकडे ऊसतोड कामगाराला मुकादम जी उचल देतो, ती इथली पेशगी. आधी पैसे घ्यायचे, मग अंग झिजवून फेडायचे, आणि फिटेपर्यंत दुसऱ्या खाणीवर जायचं नाही. बाप गेला तरी वही राहते. ठेकेदार काही दांडगाई करत नाही. चहा पाजतो आणि म्हणतो, "आपण कुठे घाई करतोय? पोरगा मोठा होतोयच की."

पोरगा मोठा होतोयच. तेच तर भय आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला खाणीत कामाला लावणं बेकायदा आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली, आणि त्या कायद्याने अशी कर्जंही रद्द केली. दोन्ही गोष्टी पुस्तकात आहेत. त्या मुलाच्या आणि त्या खड्ड्याच्या मध्ये आज प्रत्यक्षात उभी आहे ती फक्त नववीची हजेरी. आणि आमचा फॉर्म त्याला म्हणतो, ४१ टक्के? माफ कर, तू होतकरू नाहीस.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला ८५ टक्के मिळतात त्याला शाळा धरून ठेवते. शिक्षक त्याच्या घरी जातात, मुख्याध्यापक त्याच्यासाठी शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, गावात त्याचं नाव असतं. गळतो तो ४१ टक्केवाला. बाप शेवटची दोन वर्षं खोकत होता तेव्हा रात्री पाणी द्यायला उठत होता म्हणून ४१ टक्के. मदतीचा निकष गुण ठेवला, की ज्याला मदत लागतच नाही त्याच्याकडे ती आधी जाते आणि देणाऱ्याला वाटतं आपली रक्कम सत्कारणी लागली. लागली ती आपल्या अहवालात. विधवेच्या मुलाने शिकण्याचा हक्क मिळवण्यासाठी आधी असामान्य असावं, ही अट आपण आपल्या पोटच्या मुलांना लावतो का? माझ्या मुलाला नववीत गणितात ३८ मिळाले तेव्हा मी त्याला शिकवणी लावली. त्याचं प्रायोजकत्व काढून घेतलं नाही.

दुसरा आक्षेप वसतिगृहाला. आई गरीब आहे, बाप नाही, तर मूल तिथून उचलून ‘चांगल्या वातावरणात’ ठेवावं, असं आपल्याला सहज वाटतं. हे वाटणं तपासून बघा. त्यात असं गृहीत आहे की आई हाच वातावरणातला दोष आहे. ज्या बाईने नवऱ्याचं दुखणं, कर्ज आणि खाण असं सगळं एकटीने पेललं आणि तरीही तीन मुलं शाळेच्या पटावर ठेवली, तिच्याइतका भरवशाचा पालक मला दाखवा. बालन्याय कायदासुद्धा हेच सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. घरात आई असताना आपण पहिलाच उपाय तो का करतो? कारण वसतिगृहाचं बिल येतं, पावती येते, एका मुलाच्या नावापुढे एक रक्कम लिहिता येते. आईच्या हातात पैसे दिले तर हिशोबाचा कागद येत नाही. ज्यांचं मूल स्वतःहून पुढे शिकायला बाहेर जाऊ पाहतं, आणि आईचीही इच्छा आहे, त्यांची गोष्ट वेगळी. पण ती इच्छा त्यांची असावी, आपल्या फॉर्मची अट नसावी.

तिसरा आक्षेप फोटोला आणि त्या दहा ओळींना. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. वार लावून जेवलेल्यांची एक अख्खी पिढी आपल्याकडे होऊन गेली. त्यांच्या आठवणींत उपाशी राहिल्याचं दुःख असतं, पण त्याहून खोल लागलेलं असतं ते कोणाच्या तरी ओसरीवर ताटाची वाट बघत बसणं, आणि वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरचे भाव वाचायला शिकणं. शाळेच्या मैदानात मोठ्या प्रतीकात्मक धनादेशाशेजारी उभा केलेला मुलगा त्याच ओसरीवर बसलेला असतो. उद्या वर्गात त्याची ओळख काय राहते? फौजी विधवेला पेन्शन देताना कोणी दर महिन्याला तिचा फोटो काढत नाही. दिला तर तो हक्क म्हणून देतो आणि बाजूला होतो.

आता समोरून आलेले मुद्दे घेतो. ते हलक्यात घेण्यासारखे नाहीत.

पहिला मुद्दा : आईच्या हातात पैसे दिले तर ते मायरा, मोसर, लग्नकार्यात जातील. काही ठिकाणी जातीलही. मोसर, म्हणजे मृत्यूनंतरचं गावजेवण, इथे कर्जाचं मोठं कारण आहे. पण पालनहारचे पैसे थेट खात्यात जातात आणि सरकारची अट काय, तर मूल शाळेत हवं. साधी आणि तपासता येण्यासारखी अट. आपणही तीच ठेवावी. नाईकाच्या विधवेला पेन्शन कशावर खर्च केली हे आपण विचारत नाही, मग खाणकामगाराच्या विधवेकडून वह्यांच्या पावत्या का मागायच्या?

दुसरा मुद्दा : हे सरकारचं काम आहे. बरोबर आहे, आणि म्हणूनच मी शाळेची फी भरायच्या विरोधात आहे. आठवीपर्यंत सरकारी शाळेत फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं. त्या वयात खासगी शाळेवर लाख रुपये ओतणं म्हणजे सरकारने जे थोडंफार नीट केलंय त्याच्यावर पैसे घालणं. भोक पडतं ते नववीत. शिक्षणहक्क कायद्याचं संरक्षण चौदाव्या वर्षी संपतं, जेवण आठवीनंतर थांबतं, शाळा लांब जाते. सरकारी शाळेत नववीला गेलेल्या मुलीला इथे सायकल मिळते. मुलाला खाणीची जीप मिळते, ती दारात येते आणि फुकट असते.

तिसरा मुद्दा, जो माझ्या एका जवळच्या कोर्समेटने मांडला : "दहा मुलांचं आयुष्य बदलेल, हे तरी खात्रीने सांगता येतं. तुझ्या पद्धतीत काय सांगता येईल?" याला मी आकड्यांनी उत्तर देतो. दहा मुलांसाठी वर्षाला १० लाख धरले होते. त्यातल्या एका मुलाच्या पैशांत, ९६,००० रुपयांत, महिना ८,००० रुपयांप्रमाणे वर्षभरासाठी एक निवृत्त हवालदार नेमता येतो. असा माणूस या तालुक्यात शोधावा लागत नाही. त्याला कागद वाचता येतो, तहसीलदारासमोर खुर्ची ओढून बसता येतं आणि गावात त्याचा शब्द चालतो. त्याने वर्षभरात फक्त २० घरांचे कागद पूर्ण केले, आणि घरटी शाळेत जाणारी दोन मुलं धरली, तर ४० मुलांना वर्षाला प्रत्येकी १८,००० रुपये पालनहारचे येतील. म्हणजे ७ लाख २० हजार. ते पैसे आपले नाहीत, त्यांच्या हक्काचे आहेत, आणि सत्यापन वेळेवर होत राहिलं तर मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत येत राहतील. आपल्या रीयुनियनचा उत्साह आटल्यावरसुद्धा.

फौजेने आपल्या विधवांना दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट पैसा नव्हती. ती होती पेन्सिलची फुली, आणि ती मारणारा माणूस. तेवढंच पलीकडच्या घरी पोचवायचं आहे.

उरलेले ९ लाख मग कशाला? कागद होईपर्यंतच्या महिन्यांसाठी, जेव्हा घरात काहीच येत नाही. नववी ते बारावी जाण्या-येण्याच्या भाड्यासाठी. नापास झालेल्या मुलाने पुन्हा बसावं म्हणून शिकवणीसाठी. धाकट्याच्या स्वेटरसाठी, कारण तो कोणीतरी यादीतून खोडला आहे. आणि पेशगीच्या प्रकरणात तक्रार उपविभागीय अधिकाऱ्यापर्यंत नेताना आईची मजुरी बुडते, ती भरून देण्यासाठी. पेशगी आपण फेडायची नाही, हे स्पष्ट सांगतो. एकदा आपण ती फेडली की दुसऱ्या दिवशी तालुक्यातल्या प्रत्येक ठेकेदाराच्या वहीतला आकडा वाढेल. जे कर्ज कायद्याने नाहीसं केलंय, ते नाहीसं आहे असं अधिकाऱ्याकडून लिहून घ्यायचं.

म्हणून कोर्सला मी माझ्या अटी कळवल्या आहेत. गुणांचा रकाना जाईल. मूल निवडायचं नाही, घर घ्यायचं, आणि घरातली सगळी मुलं, मुलीसुद्धा. आपली सोबत बारावीपर्यंत राहील, नापास झालं तरी. शाळा आणि गाव आई ठरवेल. फोटो नाही, आभाराचं पत्र नाही, भेट द्यायची हौस असेल तर उमेद भवन बघा. आणि पैशांतला पहिला हिस्सा कागद करणाऱ्या माणसाचा.

महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांनी हे राजस्थानचं म्हणून सोडून देऊ नये. आपल्याकडे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपये, आणि एक पालक गमावलेली मुलं तिच्यात बसतात. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या, सोसायटीचा जिना पुसणाऱ्या, कारखान्यावर कोयता घेऊन जाणाऱ्या एकट्या आयांपैकी किती जणींचा अर्ज भरला गेला आहे, हे एकदा विचारा. दिवाळीला तिच्या मुलाला दप्तर देता, ते द्याच. पण एक सकाळ सुट्टी काढून तिच्याबरोबर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. रांगेत तिच्याऐवजी तुम्ही बोललात की खिडकीच्या आतल्या माणसाचा आवाज कसा बदलतो ते ऐका. त्या बदललेल्या आवाजाची किंमत दप्तरापेक्षा जास्त आहे, आणि ती तुमच्याकडे फुकट पडून आहे.

ग्रुपवर अजून एकमत झालेलं नाही. काही जणांनी पैसे परत मागितले आहेत, त्यांना ते मिळतील, राग नाही. बाकीच्यांना एवढंच सांगतो की शेरगडच्या एका निवृत्त हवालदार साहेबांशी बोलणं झालं आहे आणि ते सोमवारपासून सुरू करायला तयार आहेत. पहिल्या यादीत अकरा घरं आहेत. त्यांतल्या सात घरी मृत्यूचा दाखलाच नाही, तिथून सुरुवात होईल. कोणत्या घरातलं कोणतं मूल हुशार आहे, हे मी त्यांना विचारलेलं नाही.